तालिकापेटी ते मेघस्थ विदागार : एका दुव्याचा इतिहास

ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचा संग्रह, अशी व्याख्या आपण सहज करून टाकतो. पण ती अपुरी आहे. संग्रह रद्दीच्या दुकानातही असतो. हवा तो ग्रंथ कोठे आहे हे जेथे विचारता येते आणि त्याचे उत्तर जेथे खात्रीने मिळते, त्या संग्रहालाच ग्रंथालय म्हणावयाचे. या दृष्टीने पाहिले तर कपाटांइतकेच, किंबहुना कांकणभर अधिक महत्त्व ग्रंथांच्या यादीला येते. शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात संस्थापकांविषयी, देणगीदारांविषयी आणि व्याख्यानमालांविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच. मी मात्र त्या यादीविषयी आणि वाचकाला यादीशी जोडणाऱ्या दुव्याविषयी चार शब्द लिहिणार आहे.

विषय सुचला तो एका फजितीमुळे. आपल्या कार्यकारी मंडळाने ग्रंथसूची आणि सभासदांच्या नोंदी देवघेव विभागातील संगणकातून काढून दूरच्या, भाड्याने घेतलेल्या विदागारात ठेवण्याचे ठरविले. आजच्या बोलीत यालाच 'क्लाऊड' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात हे काम पुरे झाले. संगणक समितीचा सदस्य या नात्याने पहिल्या संध्याकाळी मीही हजर होतो. दोन तास सारे सुरळीत चालले. मग वीज गेली, दहा मिनिटांनी परत आली, आणि पडद्यावर एकच वाक्य दिसू लागले : 'सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही.' पुस्तके कपाटात होती, सभासद समोर उभे होते, दूरचे विदागारही सुखरूप होते. तुटला होता तो मधला दुवा. ऐंशीच्या घरातील एक सभासद शांतपणे म्हणाले, "अहो ताई, त्या ढगाला विचारण्यापेक्षा तुमच्या जुन्या वहीला विचारा की!" ग्रंथपाल ताई उठल्या, कापडी बांधणीची नोंदवही काढली, आणि त्या दिवसाची उरलेली देवघेव पूर्वीसारखी कागदावर झाली.

दुवा का तुटला याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. तो पुढे येईलच. पण त्या रात्री घरी जाताना मनात आले की, हा दुवा जोडण्याची खटपट आजची नाही. शंभराहून अधिक वर्षे ती चालू आहे, आणि तिचा एक धागा आपल्या या बडोदे शहरातूनही गेलेला आहे.

बडोद्याचा वारसा

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेल्या माणसाला वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेले विसरून जाते, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. एवढ्या अल्प काळात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली, ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू केला आणि बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरणपद्धती तयार केली. पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांत पाठविणारी फिरती ग्रंथालये हेही बडोदे राज्याचेच वैशिष्ट्य.

बॉर्डन ज्या परंपरेतून आले होते, तिचा पाया १८७६ या एकाच वर्षी घातला गेला होता. त्या वर्षी मेल्विल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि चार्ल्स कटर यांची तालिकेविषयीची नियमावलीही त्याच वर्षी बाहेर पडली. वहीतील यादीचा दोष असा की, तीत मधे जागा नसते. नवे पुस्तक आले की ते शेवटी लिहावे लागते, आणि वर्णानुक्रम मोडतो. सुट्या पत्रांवर एकेका ग्रंथाची नोंद केली की हवे ते पत्र हव्या त्या ठिकाणी घालता येते. शिवाय एकाच ग्रंथासाठी लेखकाच्या नावाचे, शीर्षकाचे आणि विषयाचे अशी तीन पत्रे करता येतात. वाचकाला तिन्हींपैकी एक गोष्ट आठवत असली तरी पुरे. साडेसात सेंटिमीटर उंच आणि साडेबारा सेंटिमीटर रुंद असे ते पत्र, खाली भोक, भोकातून ओवलेली पितळी सळई आणि सागवानी पेटी. माझ्या पिढीचे विद्यार्थिदशेतील कितीतरी तास त्या पेट्यांपुढे गेले आहेत.

या पत्रांनी आणखी एक गोष्ट साधली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ मध्ये छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांस विकावयास प्रारंभ केला. एका ठिकाणी जाणकाराने केलेली नोंद हजार ठिकाणी चालावी, प्रत्येकाने तेच काम पुन्हा करू नये, हा त्यामागील विचार. नोंद एकीकडे आणि तिचा उपयोग दुसरीकडे, ही कल्पना तेथे रुजली. फक्त तिचा प्रवास टपालाने होत असे.

दूरध्वनीच्या तारेवरील तालिका

टपालाच्या जागी तार येण्यास सत्तर वर्षे लागली. त्याआधी एक अडचण दूर व्हावयास हवी होती. माणूस तालिकापत्र पाहताच लेखक कोणता आणि प्रकाशक कोणता हे ओळखतो. यंत्राला ते ओळखता येत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील हेन्रिएट ॲव्हरम या विदुषीने पत्रावरील प्रत्येक घटकाला क्रमांक दिला. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, अशी ती व्यवस्था. १९६६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही 'मार्क' पद्धती आजही जगभरातील ग्रंथालयांची समाईक भाषा आहे. ॲव्हरम यांचा मूळ पेशा संगणकाचा, ग्रंथालयाचा नव्हे. तरीही ग्रंथपालनाच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे.

इकडे ओहायओ राज्यातील ५४ महाविद्यालयांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन समाईक सूचीचे केंद्र काढले. 'ओसीएलसी' या नावाने ते पुढे विख्यात झाले. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायओ विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संगणकाच्या टंकावरून दूरच्या शहरातील त्या केंद्रात पहिली नोंद झाली. विचारणारा एका गावी आणि विदा दुसऱ्या गावी, मधे दूरध्वनीची तार. आज आपण ज्याला मेघस्थ विदागाराशी जोडणी म्हणतो, तिचे हे एक स्पष्ट पूर्वरूप होय. त्याच संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची तालिकापत्रे छापली आणि ते प्रकरण संपविले.

याच सुमारास, जून १९७० मध्ये, आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेतील एडगर कॉड यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तोवर विदा वापरणाऱ्या प्रणालीला ती विदा कोठे आणि कशा क्रमाने साठविली आहे याची बारीकसारीक माहिती असावी लागे. साठवण बदलली की प्रणाली कोलमडत असे. जणू कपाट हलविले की वाचकाने वाचावयास पुन्हा शिकावे! कॉड यांनी सांगितले की, सर्व विदा साध्या कोष्टकांत मांडा आणि कोष्टके परस्परांशी क्रमांकांनी जोडा. आपल्याच ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. एक कोष्टक ग्रंथांचे, दुसरे सभासदांचे, तिसरे देवघेवीचे. तिसऱ्यात फक्त दाखल क्रमांक, सभासद क्रमांक आणि तारीख. 'अमुक कादंबरी कोणाकडे आहे' हा प्रश्न आला की तिन्ही कोष्टके एकत्र वाचून उत्तर निघते. कोष्टक कोणत्या चकतीवर, कोणत्या खोलीत, कोणत्या शहरात आहे याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नाही. मेघस्थ विदागार जर कशामुळे शक्य झाले असेल, तर ते या विचारामुळे.

असे प्रश्न विचारण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तीच पुढे 'एसक्यूएल' झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिला प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. अनेक बोलींतून एक प्रमाण मराठी घडण्यास किती काळ आणि किती वाद लागले हे आपण जाणतो. त्या मानाने ही भाषा फारच लवकर स्थिरावली. तरी कुरबुर राहिलीच. प्रत्येक कंपनीच्या विदागाराशी बोलण्यास वेगळा दुभाष्या लागे. १९९२ मध्ये 'ओडीबीसी' नावाची सामान्य पद्धत आली आणि एकच प्रणाली अनेक विदागारांशी बोलू लागली. १९९५ मध्ये 'मायएसक्यूएल' आणि १९९६ मध्ये 'पोस्टग्रेएसक्यूएल' या नावाने विनामूल्य विदागारे उपलब्ध झाली. लहान संस्थांसाठी ही मोठीच गोष्ट होती.

आपल्या देशात

भारतात दिल्लीतील ग्रंथालयांना जोडणारे 'डेलनेट' १९८८ मध्ये सुरू झाले. विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी 'इन्फ्लिबनेट'चा कार्यक्रम १९९१ मध्ये आपल्याच गुजरातेत, अहमदाबाद येथे आकारास आला. १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले. पण आपल्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या मराठी ग्रंथालयाला या गोष्टी फार दूरच्या होत्या. आपल्याकडे पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यावर प्लॅस्टिकचे आवरण घालून ठेवण्यातच आम्ही धन्यता मानली, हे कबूल केले पाहिजे. मीही त्या काळी संगणकाच्या विरोधात मत दिले होते.

आमच्या विरोधाला एक सबळ कारणही होते : लिपी. त्या काळी मराठी टंकनाचे नाना फाँट प्रचारात होते आणि प्रत्येकाची अंतर्गत रचना निराळी. एकाने टंकलेली यादी दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की निरर्थक चिन्हांचा सडा पडे. पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने भारतीय लिप्यांसाठी या काळात मोलाचे काम केले. पुढे १९९१ मध्ये 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले. मात्र ती रोजच्या वापरात रुळण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

जानेवारी २००० मध्ये न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयाने 'कोहा' ही प्रणाली वापरात आणली आणि ती जगाला मोफत दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना केंद्राने 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली तयार केली. प्रणाली मोफत मिळाली तरी ती चालविणारा संगणक, त्याची देखभाल, रोजची राखीव प्रत यांचा भार संस्थेवरच राही. एका संगणकाची चकती बिघडली आणि सहा महिन्यांच्या नोंदी गेल्या, असा अनुभव आपणही एकदा घेतला आहे.

मेघ म्हणजे काय?

'क्लाऊड' या शब्दाने पुष्कळ गैरसमज निर्माण केले आहेत. विदा काही आकाशात तरंगत नाही. ती जमिनीवरच्या भक्कम इमारतीत, थंड हवेत ठेवलेल्या संगणकांवर असते. संगणकजाळ्यांची आकृती काढताना, आतील तपशील दाखवावयाचा नसेल तेथे अभियंते ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव रूढ झाले. व्यवहार सरळ आहे : दुसऱ्याचा संगणक भाड्याने घ्यावयाचा आणि वापराइतके पैसे मोजावयाचे. ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये साठवण आणि संगणक अशा रीतीने भाड्याने देण्यास आरंभ केला. ऑक्टोबर २००९ मध्ये तिने सबंध विदागारच सेवेच्या रूपाने दिले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि २०११ मध्ये गूगलने तोच मार्ग धरला. भारतात मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ मध्ये सुरू झाली. त्यांतील एक पुण्यात आहे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ चे. राखीव प्रती, दुरुस्ती, वीज यांची चिंता आता भाडे घेणाऱ्याची असते. आपली उरते ती एकच : तेथपर्यंतची वाट.

दुव्याचे पाच घटक

ही वाट कशी असते? देवघेवीच्या प्रणालीला दूरच्या विदागाराशी जोडण्यासाठी पाच गोष्टी सांगाव्या लागतात : यंत्राचे नाव, दाराचा क्रमांक, विदागाराचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द. या पाचांची मिळून एक ओळ होते, तिला जोडणी-सूत्र म्हणू. दाराचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, ठरलेला असतो. 'मायएसक्यूएल'चे दार सर्वसाधारणपणे ३३०६, तर 'पोस्टग्रेएसक्यूएल'चे ५४३२.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे कालिदासाचा यक्ष आठवल्यावाचून राहत नाही. रामगिरीवरचा, म्हणजे आपल्या परंपरेप्रमाणे रामटेकवरचा, हा विरही मेघाला निरोप देण्यापूर्वी वाट सांगतो. उज्जयिनीचा वळसा घेण्याचा आग्रहही धरतो. मग अलकानगरी, तीतील आपले घर, घराच्या खुणा. आणि अखेरीस, निरोप खरोखर आपलाच आहे हे पत्नीला पटावे म्हणून, दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नसलेली एक आठवण तो खूण म्हणून सांगतो. नगरी, घर, दार, व्यक्ती आणि गुप्त खूण! जोडणी-सूत्रात याहून वेगळे काही नाही.

फरक एवढाच की, आधुनिक मेघदूतात खूण दोन्ही बाजूंनी पटवावी लागते. प्रणाली प्रथम यंत्राच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधते. मग त्या दारावर थाप मारते आणि आतून ओ मिळाल्यावर संभाषणाची तयारी होते. त्यानंतर विदागाराने आपले प्रमाणपत्र दाखवावयाचे असते. म्हणजे भलत्याच घरी जाऊन आपण गुपित सांगत नाही आहोत ना, याची खात्री होते. येथून पुढचे सारे बोलणे कूटलिपीत चालते. या कूटपद्धतीला 'टीएलएस' म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची आणि सध्याची २०१८ ची. हे सारे झाल्यावरच परवलीचा शब्द दिला जातो आणि मग कोठे पहिला प्रश्न विचारता येतो.

ही शिष्टाचाराची देवाणघेवाण वेळ खाते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. बडोद्याहून मुंबईस जाऊन परत येणे त्याला काही मिलिसेकंदांचे काम. पण विदागार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर एका खेपेस सुमारे दोनशे मिलिसेकंद लागतात. पहिल्या प्रश्नापूर्वी चार-पाच खेपा होतात, म्हणजे जवळजवळ एक सेकंद नमस्कार-चमत्कारातच गेला. प्रत्येक वाचकासाठी असे नव्याने करीत बसणे परवडत नाही. म्हणून प्रणाली काही जोडण्या कायम उघड्या ठेवते आणि आळीपाळीने वापरते. देवघेवीच्या दोन खिडक्यांवर शंभर सभासदांचे काम होते, तसेच हे. विदागारही एका वेळी ठराविकच जोडण्या देते. वापरून झालेली परत केली नाही तर बाहेर रांग लागते.

आता त्या संध्याकाळच्या फजितीकडे वळू. विदागाराच्या दाराशी एक पहारेकरी असतो. कोणत्या पत्त्यांवरून आलेल्यांना आत सोडावे याची यादी त्याच्याजवळ असते. त्या यादीत आपल्या ग्रंथालयाचा पत्ता होता. पण साध्या इंटरनेट जोडणीला मिळणारा पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि आपल्याला नवा पत्ता मिळाला. पहारेकऱ्याच्या लेखी आपण अनोळखी ठरलो. त्याचे काहीच चुकले नव्हते. चूक आमच्या अज्ञानाची. आता आपण स्थिर पत्ता घेतला आहे. याहून चांगला उपाय म्हणजे प्रणालीही मेघातच, विदागाराच्या शेजारी ठेवावी, विदागाराशी फक्त तिनेच बोलावे आणि ग्रंथालयाने प्रणालीशी बोलावे. पुढील टप्प्यात तसे करण्याचा मंडळाचा विचार आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. चाचणीच्या वेळी काही मराठी शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन घटक व्यापते. 'मराठी' या शब्दात पाच चिन्हे, म्हणून पंधरा घटक. विदागाराची लिपी बरोबर होती आणि प्रणालीचीही. पण दुव्याची लिपी युरोपीय ठेवली गेली होती. त्या लिपीत मराठी अक्षरे नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह. वाचताना असे झाले तर दुरुस्ती होते. लिहिताना झाले तर मूळ अक्षर कायमचे जाते. आमच्या ग्रंथपाल ताईंनी सारे काम तेथेच थांबविले, म्हणून आपली सूची वाचली. वर्णानुक्रमाचाही प्रश्न असाच. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. संगणक 'काळे' आडनाव 'कावळे' याच्या आधी लावतो; आपली तालिकापेटी ते नंतर लावीत असे. मराठीचा क्रम हवा असेल तर तसे विदागाराला स्पष्टपणे सांगावे लागते.

किल्ली कोणाकडे?

एवढ्या तांत्रिक तपशिलात मी वाचकांस नेले, त्याला कारण आहे. हा दुवा आता संस्थेच्या जिवाचा प्रश्न झाला आहे. सूचीत शंभर वर्षांचे श्रम आहेत आणि सभासदांच्या नोंदींत त्यांचा विश्वास. कोण काय वाचतो ही त्या व्यक्तीची खासगी बाब होय. २०२३ मध्ये संसदेने केलेल्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यापूर्वीही ग्रंथपालाच्या नीतिधर्मात ती होतीच.

अलीकडच्या तीन घटना लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. जानेवारी २०१७ मध्ये 'मोंगोडीबी' या प्रकारची हजारो विदागारे पुसली गेली आणि तेथे खंडणीची चिठ्ठी ठेवण्यात आली. ती परवलीच्या शब्दावाचून सताड उघडी होती. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे 'ओव्हीएच' या कंपनीची विदाकेंद्राची इमारत जळाली. ज्यांची राखीव प्रतही तेथेच होती, त्यांचे सर्वस्व गेले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला. तिची मुख्य सूची जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा दिसू लागली, तीही प्रथम केवळ वाचण्यापुरती. जुन्या, स्वतःच्या आवारातील यंत्रणेला तेथे मोठा फटका बसला. मेघातील वेतनादी कामे मात्र चालू राहिली. म्हणजे मेघ असुरक्षित आणि घर सुरक्षित, किंवा याच्या उलट, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. जेथे शिस्त तेथे सुरक्षितता, एवढेच म्हणता येईल.

शिस्तीचे नियम फार नाहीत. परवलीचा शब्द प्रणालीच्या मजकुरात लिहून ठेवू नये. तो वेगळा जपावा. सूची चाळणाऱ्या वाचकाच्या वाटेला केवळ वाचण्याचा अधिकार असावा, पुसण्याचा नसावा. जोडणी कूटलिपीतच व्हावी आणि विदागाराचे प्रमाणपत्र तपासले जावे. दर आठवड्याची एक प्रत दुसऱ्या गावी आणि एक आपल्या कपाटात असावी, तीही 'मार्क'सारख्या खुल्या स्वरूपात. म्हणजे उद्या भाडेकरार संपला तरी आपली सूची घेऊन दुसरीकडे जाता येईल.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. आमच्या असे ध्यानात आले की, विदागाराचे मुख्य खाते यंत्रणा बसवून देणाऱ्या गृहस्थांच्या व्यक्तिगत नावावर उघडलेले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता; घाईत तसे झाले होते, आणि विचारताच त्यांनी ते संस्थेच्या नावे करून दिले. पण त्यांनी गाव सोडले असते तर? शंभर वर्षांच्या सूचीची किल्ली एका माणसाच्या खिशात राहिली असती. आपल्या जुन्या घटनेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात असा नियम आहे. तो करणाऱ्यांनी संगणक पाहिला नव्हता; पण विश्वस्तपणा म्हणजे काय हे त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक होते. आता विदागाराची किल्लीही त्याच नियमाने मोहोरबंद लखोट्यात दोघांकडे ठेवली आहे, आणि नवे मंडळ आले की ती बदलावी असा ठराव झाला आहे.

सभासदांपाशी माझे मागणे एकच. वार्षिक सभेत आपण जमाखर्च विचारता, तसेच यापुढे विदागाराविषयीही विचारावे : राखीव प्रत शेवटची केव्हा घेतली? ती उघडून पाहिली काय? किल्ल्या कोणाकडे आहेत? प्रश्न विचारण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही; संस्थेविषयीची आस्था पुरते.

त्या संध्याकाळी उपयोगी पडलेली दाखल नोंदवही आजही देवघेव विभागातच आहे. नव्या ग्रंथाचा दाखल क्रमांक ग्रंथपाल ताई प्रथम तीत शाईने लिहितात आणि मगच पडद्यावर चढवितात. कोणी त्यांना दुहेरी श्रमांविषयी विचारले, तर त्या म्हणतात, "दादा, हीसुद्धा आमची राखीव प्रतच की." पहिल्या पानावर शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा अनाम लेखनिकाचे वळणदार मोडी-बाळबोध अक्षर आहे, ग्रंथ क्रमांक एक. तोच क्रमांक आता दूरच्या विदागारातील कोष्टकाच्या पहिल्या ओळीत आहे. या दोहोंमधला दुवा अखंड राहो, हीच या शताब्दीच्या मंगल प्रसंगी प्रार्थना.